अंगठा आणि स्प्रिंग : एका हाताने उघडणाऱ्या चाकूंविषयी

प्रस्तावना

घडीच्या चाकूचे काम पात्याने होते, पण त्याचा स्वभाव ठरतो तो पाते मुठीला जिथे जोडलेले असते तिथे. पाते कशाच्या जोरावर बाहेर येते, बाहेर आल्यावर कशाने अडून राहते आणि मिटवताना आपली बोटे नेमकी कुठे असतात, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की चाकू वापरायला कसा असेल ते बरेचसे कळते. पोलादाची जात, धारेचा कोन, मुठीचे लाकूड यांवर भरपूर लिहिले गेले आहे. या तीन प्रश्नांवरून मात्र लोक घाईने पुढे जातात. म्हणून या पुस्तकात त्यांना पहिली जागा दिली आहे, आणि त्यांतही पाते उघडण्याच्या प्रश्नाला.

गेल्या चार दशकांत खिशातल्या चाकूत झालेला सर्वांत मोठा बदल म्हणजे तो एका हाताने उघडू लागला. इथे पोचण्याच्या दोन वाटा निघाल्या. एका वाटेवर पाते पहिल्यापासून शेवटपर्यंत हातच उघडतो. दुसऱ्या वाटेवर सुरुवात हात करून देतो आणि उरलेले काम मुठीत दडवलेली स्प्रिंग करते. पहिल्या प्रकाराला आपण ‘हाती उघडायचा’ चाकू म्हणू आणि दुसऱ्याला बाजारात रूढ असलेल्या ‘असिस्टेड’ या नावानेच ओळखू. दोन्हींचे चाहते हिरिरीने भांडतात, आणि भांडण बहुतेक वेळा कोणता चाकू लवकर उघडतो यावर अडते. मला त्यापेक्षा मोलाचा वाटतो तो दुसराच प्रश्न : हातातल्या धारेने किती वेगाने बाहेर यायचे, हे ठरवायचे कोणी? हात की यंत्र? ही सारी प्रस्तावना त्या एका प्रश्नाभोवती आहे.

१

जुन्या घडणीचा खिशातला चाकू दोन हातांसाठीच केलेला असे. पाठीमागची पट्टीसारखी स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाब ठेवते, त्यामुळे मिटलेले पाते मिटलेले आणि उघडलेले पाते उघडलेले राहते. पात्याच्या कडेला नख अडकवायची एक खाच असते. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताचे नख खाचेत घालून पाते ओढायचे. कार्ल एल्सेनर यांनी स्वित्झर्लंडमधल्या ईबाख गावी बनवलेल्या आणि १८९७ साली नोंदणी केलेल्या ऑफिसर चाकूचे पाते असेच उघडते. सफरचंद चिरायला, पेन्सिलीला टोक काढायला, पाकीट फोडायला हा चाकू आजही उत्तम आहे, कारण त्या कामांत दोन्ही हात मोकळे असतात.

अडचण येते ती एक हात गुंतलेला असताना. शिडाची दोरी ताणून धरलेला खलाशी, कड्यावर दोराला लटकलेला गिर्यारोहक, शिडीवर उभा असलेला वायरमन, वाकवलेली फांदी पकडून ठेवणारा माळी, ओढाळ जनावराचे दावे धरलेला शेतकरी, या सर्वांचा एक हात कामाला बांधलेला असतो. दोरी एका हातात, चाकू दुसऱ्या हातात. मग पाते उघडायला तिसरा हात आणायचा कुठून? लोक दातांनी पाते ओढत, गुडघ्यांत मूठ दाबून धरत किंवा आधीच उघडलेला चाकू कमरेला खोचून काम करत. तिन्ही प्रकार धोक्याचे. एका हाताने चाकू उघडण्याची कल्पना निघाली ती अशा कामांतून. हौस आणि दिखावा तिला नंतर येऊन चिकटले.

या गरजेला पहिले साधे आणि टिकाऊ उत्तर अमेरिकेतून आले. कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन गावी सॅल ग्लेसर यांच्या स्पायडर्को कंपनीने १९८१ साली ‘वर्कर’ नावाचा चाकू बाजारात आणला. तो जपानमधल्या सेकी या शहरात तयार होत असे. त्याच्या पात्याला एक गोल भोक होते आणि मुठीला खिशाच्या काठावर अडकणारी क्लिप होती. अंगठ्याचे मांस त्या भोकात किंचित रुतते, आणि अंगठा सरकवला की पाते खिळ्याभोवती फिरत बाहेर येते. भोक आरपार असल्यामुळे उजव्या आणि डावखुऱ्या दोघांनाही ते सारखेच सोयीचे. ते झिजत नाही, तुटत नाही, त्याला तेल लागत नाही. क्लिपमुळे चाकू खिशाच्या तळाशी किल्ल्या-नाण्यांत हरवण्याऐवजी काठाशी, नेहमी एकाच जागी सापडू लागला. आज जगभर विकल्या जाणाऱ्या बहुतेक एकहाती चाकूंवर या दोन गोष्टींची छाप आहे.

त्यानंतर युक्त्या वाढत गेल्या. पात्याला आडवी छोटी खुंटी बसवली की अंगठा तिला ढकलू शकतो; हा प्रकार सर्वांत जास्त पसरला. अर्नेस्ट इमर्सन यांनी पात्याच्या पाठीवर आकड्यासारखा भाग ठेवला. चाकू खिशातून ओढताना तो खिशाच्या काठात अडकतो आणि बाहेर येता येताच पाते उघडते. शतक बदलण्याच्या सुमारास किट कार्सन यांनी कोलंबिया रिव्हर कंपनीसाठी आखलेल्या एम-१६ मालिकेने फ्लिपर लोकप्रिय केला. फ्लिपर म्हणजे पात्याच्या बुडाचा, मुठीच्या पाठीतून डोकावणारा एक कान. तर्जनीने तो दाबला की पाते झेप घेऊन उघडते, आणि उघडल्यावर तोच कान बोटापुढे आडवा येऊन हात धारेवर घसरू देत नाही.

फ्लिपर स्प्रिंगशिवाय इतका वेगाने कसा उघडतो, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढचा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. अशा चाकूत उघडलेले पाते अडवून धरणाऱ्या लॉकच्या पट्टीवर एक बारीक गोळी बसवलेली असते. पाते मिटले की ती पात्याच्या बुडातल्या छोट्या खळग्यात बसते आणि पाते आत धरून ठेवते. बोटाने फ्लिपर दाबताना आधी काहीच हलत नाही. बोटाचा जोर साठत जातो. गोळी खळग्यातून सुटली की साठलेला जोर एकदम मोकळा होतो आणि पाते फिरते. खिळ्याभोवती साध्या वायसरऐवजी बॉल बेअरिंग असेल तर घर्षण आणखी कमी. चांगल्या घडणीच्या चाकूत खळग्याची खोली आणि गोळीचा दाब इतका नेमका जुळवलेला असतो, की बोटाच्या एका दाबाने पाते लॉकपर्यंत जाऊन खट्कन अडते. यात सगळी ताकद बोटाची असते.

२

असिस्टेड चाकू का जन्मला हे कळायला १९५०च्या दशकातल्या अमेरिकेत जावे लागते. बटण दाबताच पाते बाहेर फेकणारा खटक्याचा चाकू तिथे नवा नव्हता; जॉर्ज श्रेड यांनी अशा चाकूचे पेटंट १८९२ सालीच घेतले होते. शेतकरी, कामगार, शिवणकाम करणाऱ्या बाया असे चाकू वापरत. पण दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांतल्या तरुण टोळ्यांविषयी देशभर भीती पसरली. १९५० साली ‘वुमन्स होम कम्पॅनियन’ मासिकात या चाकूला जीवघेणे खेळणे ठरवणारा लेख आला. ‘रेबेल विदाउट अ कॉज’ हा १९५५चा चित्रपट आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’ हे १९५७चे संगीतनाट्य, दोन्हींत तरुणांच्या हातांत चाकू दिसले. ऑगस्ट १९५८मध्ये अमेरिकेने खटक्याच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घालणारा केंद्रीय कायदा केला.

त्या कायद्याची व्याख्या बारकाईने वाचावी अशी आहे. मुठीतल्या बटणावर किंवा तशाच साधनावर हाताचा दाब दिल्यावर जे पाते आपोआप उघडते, किंवा गुरुत्वाकर्षणाने अथवा झटक्याने जे आपोआप उघडते, तो चाकू बंदीत. सारा भर दाब कुठे दिला यावर आहे : मुठीवर दिला तर बंदी. पात्यावरच हात लावून उघडणारा चाकू त्या शब्दांत येत नाही. याच कायद्यात एक माणुसकीचा अपवाद आहे. ज्याला एकच हात आहे अशा व्यक्तीला तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा खटक्याचा चाकू जवळ बाळगता येतो. एका हाताने चाकू उघडणे ही कोणाची तरी रोजची, खरी गरज असते, हे कायदा करणाऱ्यांनी भीतीच्या त्या काळातही ओळखले होते.

व्याख्येतल्या या फटीतून असिस्टेड चाकू आला. १९९०च्या दशकाच्या मध्यास ब्लॅकी कॉलिन्स यांनी मेयरको कंपनीसाठी अशा धर्तीचा चाकू आखला. पाठोपाठ हवाईतले कारागीर केन अनियन यांनी ‘स्पीडसेफ’ नावाची रचना केली. मूळची ऑरेगॉनची पण जपानच्या काई उद्योगसमूहाकडे असलेली कर्शॉ कंपनी १९९८च्या सुमारास तिच्यावर चाकू बनवू लागली. त्यांतला तीन इंची पात्याचा, सडपातळ ‘लीक’ तर इतका खपला, की अनेकांसाठी असिस्टेड चाकू म्हणजे लीक असेच समीकरण झाले.

स्पीडसेफमध्ये पोलादी तारेचा वाकवलेला एक तुकडा मुठीत बसवलेला असतो आणि त्याचे टोक पात्याच्या बुडातल्या खाचेत फिरते. पाते मिटलेले असताना ही तार त्याला आतच दाबून धरते. खुंटी किंवा फ्लिपर ढकलून पाते थोडे बाहेर काढले की तारेच्या जोराची दिशा उलटते, आणि तीच तार आता पाते बाहेर लोटते. मधला तो बिंदू ओलांडेपर्यंत पाते हाताचे असते. ओलांडला की ते तारेचे होते. हात आपोआप मागे राहतो. खटक्याच्या चाकूपासून असिस्टेड चाकू इथे वेगळा पडतो : मुठीवर बटण नाही, पात्यालाच हात लावावा लागतो, आणि सुरुवातीला स्प्रिंग उघडण्याच्या बाजूची नसून मिटण्याच्या बाजूची असते.

३

आता हिशेब मांडू. स्प्रिंग नवी ताकद कुठून आणत नाही. पाते मिटवताना आपण जो जोर लावतो तोच ती साठवते आणि पुढच्या वेळी परत देते. म्हणजे उघडताना वाचलेले श्रम मिटवताना आधीच मोजलेले असतात. हे एकदा ध्यानात आले की दोन्ही प्रकारांची तुलना सरळ होते, कारण मग फक्त उघडण्याकडे बघून चालत नाही.

मिटवण्याचा विचार करा. काम संपले आहे, हात घामट किंवा ओला आहे, लक्ष दुसरीकडे आहे. चाकूचे बहुतेक अपघाती काप कापताना पाते घसरून किंवा पाते मिटताना होतात. मायकेल वॉकर यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी घडवलेल्या लायनर लॉकमध्ये मुठीतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाखाली येते. ख्रिस रीव्ह यांच्या ‘सेबेन्झा’ चाकूतल्या फ्रेम लॉकमध्ये मुठीची एक बाजूच ते काम करते. दोन्हींत लॉक सोडवताना अंगठा क्षणभर पात्याच्या वाटेत असतो. हाती उघडायच्या चाकूत हे फारसे अवघड नाही. पाते थोडे आत आणायचे, अंगठा काढायचा, मग शांतपणे मिटवायचे. असिस्टेड चाकूत मात्र पाते स्प्रिंगविरुद्ध ढकलावे लागते, हात सैल पडला तर ते परत बाहेर येऊ पाहते, आणि शेवटच्या टप्प्यात स्प्रिंग बाजू बदलून पाते स्वतःच आत ओढते. सवय झालेल्याला हे सहज जमते. नवख्याच्या बोटांना मात्र एकाच हालचालीत दोन वेगवेगळ्या जोरांना तोंड द्यावे लागते.

दुसरी बाब खिशाची. टोक वर ठेवून क्लिपने अडकवलेल्या चाकूचे पाते खिशात चुकून थोडे उघडले, तर हात घालणाऱ्याच्या बोटाला थेट धार लागते. हाती उघडायच्या चाकूत ते तेवढ्यावर थांबते. असिस्टेड चाकूत मधला बिंदू ओलांडला गेला तर स्प्रिंग उरलेले काम पुरे करते. कर्शॉने लीकच्या मुठीच्या टोकाशी पाते अडवणारी छोटी सरकती कडी दिली आहे ती याच भीतीपोटी. कडी लावली की चाकू सुरक्षित. पण मग चाकू काढायचा, कडी सरकवायची आणि मग उघडायचा, अशा तीन पायऱ्या होतात. जो वेग मिळवायला स्प्रिंग घातली, तो त्या कडीपाशी परत द्यावा लागतो.

तिसरी बाब देखभालीची. हाती उघडायच्या चाकूत हलणारे भाग थोडे. खिळ्याचा स्क्रू सोडवा, धूळ आणि खिशातले कापसाचे तंतू पुसा, तेलाचा एक थेंब द्या, काम झाले. असिस्टेड चाकूत एक भाग वाढतो आणि तो कायम ताणाखाली असतो. तो चाकू उघडून परत जोडणे नवख्याला जड जाते. स्प्रिंग तुटली तर उघडण्याची मदत जातेच, आणि ज्या मॉडेलांत पाते मिटलेले ठेवण्याचे कामही तिच्यावरच सोपवलेले असते, त्यांत पाते मुठीत ढिले पडते. असा चाकू स्प्रिंग बदलेपर्यंत खिशात ठेवू नये.

चौथी बाब, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची, वेग निवडण्याच्या मोकळिकीची. हाती उघडायचा चाकू हवा तेव्हा झटकन उघडता येतो आणि हवा तेव्हा सावकाश. ऑफिसात खोके फोडताना, गाडीत लहान मुले शेजारी असताना, अनोळखी लोकांत फळ कापताना सावकाश उघडलेल्या चाकूने कोणी दचकत नाही. असिस्टेड चाकूला एकच वेग माहीत असतो. घट्ट धरून तो सावकाश उघडता येतो, पण त्यासाठी स्प्रिंगशी झगडावे लागते. चाकू बाळगणाऱ्याने भोवतालच्या माणसांच्या मनाचा विचार केला पाहिजे. अचानक खट् आवाज करत बाहेर आलेले पाते पाहून शेजारचा माणूस घाबरला, तर चूक त्याची नव्हे.

यावर असिस्टेडचे समर्थक जे म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि ते पूर्ण मांडले पाहिजे. थंडीने बधिर झालेल्या बोटांना किंवा जाड हातमोजा घातलेल्या हाताला पाते लांबवर ढकलत नेण्यापेक्षा एक छोटा धक्का देणे सोपे जाते. अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर पाते पूर्ण अर्धवर्तुळात फिरवणे त्रासाचे होते. अशा माणसाला मधल्या बिंदूपर्यंतचा थोडका प्रवास पुरतो. पाते नेहमी पूर्ण उघडते, अर्ध्यात अडून लॉक न बसल्याची भीती कमी होते, हाही खरा गुण आहे. अर्धवट उघडलेले आणि लॉक न झालेले पाते कापताना बोटांवर मिटू शकते, आणि हाती उघडणाऱ्याने आळस केला तर हे घडते. ज्यांच्या हातांना ही मदत खरोखर लागते त्यांना असिस्टेड चाकू मनापासून सुचवावा असे मला वाटते.

पण निव्वळ वेगासाठी तो घेण्याचे कारण आता उरलेले नाही. बॉल बेअरिंग आणि नेमक्या खळग्याचे फ्लिपर इतके चपळ झाले आहेत, की नुसत्या नजरेने दोन्हींतला फरक सांगणे कठीण जाते. बेंचमेड कंपनीने १९९८ साली ऑरेगॉनमधून आणलेल्या अ‍ॅक्सिस लॉकने तर मिटवण्याचाही प्रश्न सोडवला. या लॉकमध्ये मुठीतून आडवा जाणारा एक दांडा मागे ओढला की पाते मोकळे झुलते आणि बोटे त्याच्या वाटेत येतच नाहीत. जेसन विल्यम्स आणि बिल मॅकहेन्री यांची ही रचना पेटंटची मुदत संपल्यावर अनेक कंपन्यांनी उचलली. एका हाताने उघडणे आणि एका हाताने, बोट धोक्यात न घालता मिटवणे, ही दोन्ही वचने ज्या चाकूत पाळली जातात तोच पुरा एकहाती चाकू, असे मी मानतो.

४

यंत्रातला हा बारीक फरक कायद्यात मोठा होतो. मे २००९मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने असिस्टेड चाकूंना आपण पूर्वी दिलेली मान्यता मागे घेण्याचा प्रस्ताव काढला. तो मंजूर झाला असता तर असे चाकू परदेशातून आणणे थांबले असते, आणि त्याच तर्काने साधे एकहाती चाकूही संशयात सापडले असते. प्रचंड विरोध झाला. ऑक्टोबर २००९मध्ये अमेरिकी काँग्रेसने १९५८च्या कायद्यातच नवा अपवाद घातला : ज्या चाकूत पाते मिटलेले ठेवणारी स्प्रिंग, खळगा किंवा तशी योजना आहे आणि तो जोर मोडायला पात्यावर हाताने, मनगटाने किंवा बाहूने बळ लावावे लागते, तो चाकू बंदीबाहेर. कारागिरांनी वर्षानुवर्षे ज्या बारकाव्यावर मेहनत केली होती, तो आता कायद्याच्या शब्दांत आला.

ब्रिटनने उलट दिशा धरली. तिथे खटक्याच्या चाकूंवर १९५९पासून बंदी होती. २०१९च्या कायद्याने व्याख्या रुंदावली आणि अर्धवट उघडलेल्या स्थितीपासून पुढे आपोआप उघडणारे पातेही तिच्यात घेतले. असिस्टेड चाकू नेमका तसाच उघडतो. शिवाय रस्त्यावर विनाकारण बाळगता येणाऱ्या घडीच्या चाकूला तिथे तीन इंचांची मर्यादा आहे, आणि लॉक असलेला चाकू त्या सवलतीत बसत नाही असे न्यायालयाने ठरवलेले आहे. जर्मनीने एप्रिल २००८पासून लॉक होणारे एकहाती चाकू कामाच्या किंवा खेळाच्या रास्त कारणावाचून बाळगायला मनाई केली. तिथे स्प्रिंग असो वा नसो, एका हाताने उघडणे हाच निकष झाला. आणि त्याच २००८ साली शेजारच्या स्वित्झर्लंडच्या सैन्याने आपल्या जवानांसाठी जो नवा चाकू निवडला, त्याचे पाते एका हाताने उघडावे म्हणून त्यात भोक ठेवलेले आहे. एकाच वर्षी एका देशाला त्यात धोका दिसला, दुसऱ्याला कामाची सोय.

न्यूयॉर्क राज्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. मनगटाच्या झटक्याने उघडणाऱ्या चाकूवरच्या तिथल्या बंदीखाली कारखान्यांतले, गोदामांतले, बांधकामावरचे कितीतरी कामगार साध्या, दुकानात उघड विकल्या जाणाऱ्या चाकूंसाठी पकडले गेले. पोलिसाने जोरात झटका दिला आणि पाते उघडले की गुन्हा सिद्ध. कोणाचे मनगट किती जोराचे, यावर माणसाची सुटका ठरू लागली. मार्च २०१९मध्ये केंद्रीय न्यायालयाने अशा एका खटल्यात हा कायदा संदिग्ध ठरवला आणि मेमध्ये राज्याने ती बंदीच रद्द केली. धारदार वस्तूंविषयी कायदा हवाच, पण त्याची व्याख्या यंत्र समजून केलेली हवी. नाहीतर तिचा मार गुन्हेगाराआधी कष्टकऱ्याला बसतो.

भारतात शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. दिल्लीत मात्र १९८०च्या अधिसूचनेने खटक्याच्या आणि बटणाच्या चाकूंना वेगळी, कडक मर्यादा घातली : ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी. हे ७.६२ सेंटिमीटर म्हणजे तेच तीन इंच. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा चाकू हिंदी चित्रपटांनी मुंबईच्या गुंडाच्या हाती दिला, आणि आपल्याकडे खटक्याच्या चाकूची ओळख लोकांच्या मनात तिथूनच बसली. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली निघणाऱ्या मनाई आदेशांत सोटे, तलवारी, भाले यांच्याबरोबर सुऱ्यांचाही उल्लेख असतो, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आदेश लागू असताना मोर्च्यात, मिरवणुकीत किंवा गर्दीत चाकू नेऊ नये. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही. सह्याद्रीत ट्रेकला जाताना तो सॅकच्या आत असावा, कमरेला मिरवू नये.

५

पुढची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत. आधी भोक, खुंटी, फ्लिपर या उघडण्याच्या रीती, मग लॉकचे प्रकार, मग असिस्टेड चाकूची अंतर्रचना आणि देखभाल, आणि शेवटी कायदा. पोलाद आणि धार यांचे प्रकरण मुद्दाम मागे ठेवले आहे, कारण उत्तम पोलादाचा पण मिटवताना बोट कापणारा चाकू घरात कोणी वापरत नाही; तो ड्रॉवरमध्ये पडून राहतो.

वाचकांना एक विनंती आहे. दुकानात चाकू हातात घेतलात तर तो किती झटकन उघडतो हे पाहण्याआधी तीन गोष्टी करून पाहा. तो जमेल तितका सावकाश उघडा आणि हात त्याला प्रत्येक टप्प्यावर थांबवू शकतो का ते बघा. मग त्याच हाताने मिटवा आणि अंगठा कुठे कुठे येतो ते लक्षात घ्या. शेवटी तो मिटवून, धार कोणाकडे न रोखता, टोक जमिनीकडे धरून हलके झटके द्या आणि पाते जागचे हलते का ते तपासा. या तिन्ही परीक्षांत जो उतरेल तो घ्या, मग त्यात स्प्रिंग असो वा नसो.

आणि पहिलाच चाकू घेत असाल, हात धडधाकट असतील, काम घराचे, बागेचे किंवा डोंगरातले असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे : तीन इंचांच्या आतल्या पात्याचा, चांगल्या लॉकचा, हाती उघडायचा चाकू घ्या. स्प्रिंगची गरज पुढे कधी वाटली तर ती केव्हाही मिळेल. पाते आपल्या ताब्यात ठेवण्याची सवय मात्र पहिल्या चाकूवरच लागते.